बास पकडायला मेक्सिकोला जाऊ का?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. नाशिकला सातपूरच्या एका कंपनीतून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. गळ टाकण्याचा नाद लहानपणापासूनचा. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, सावरगावच्या बाजूला, आमचं तिघाचौघांचं टोळकं रविवारी असतं. मरळ, चिलापी, नशीब जोरावर असेल तर एखादा कटला. माझा भाचा डॅलसला असतो. तो म्हणतो, "मामा, या. मेक्सिकोत एल साल्टो नावाचा तलाव आहे. चार दिवसांचं पॅकेज घेऊ. दहा दहा किलोचे बास लागतात." बास म्हणजे तिकडचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. फंडाचे पैसे आलेत, त्यातले सहा-सात लाख बाजूला काढता येतील. पण सौ. म्हणते, इतक्या लांब जाऊन मासे पकडायचे आणि परत पाण्यात सोडायचे, याला काय अर्थ? आणि तुम्ही होडीत बसलात की मी काय करू? आमच्यातल्या एकाचं वेगळंच टुमणं आहे. येताना बासची चार पिल्लं पिशवीत घालून आण, गंगापूरला सोडू, मग दर रविवारी इथंच बास. तुम्हालाही हा नाद आहे म्हणून विचारतो. जाऊ का?
– गंगापूर रोडवरचा एक वाचक

उत्तर:

जा. गुडघे धड आहेत, पैसे हाताशी आहेत आणि भाचा हौसेनं बोलावतोय, तोवर जा. फक्त तलाव बदला. आणि पिल्लांचा विषय डोक्यातून काढून टाका, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

एल साल्टोबद्दल भाचा सांगतो त्यात बरंच खरं आहे. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यात, मासात्लान शहरापासून काही तासांच्या आत हा तलाव येतो. १९८० च्या दशकात एलोता नदीवर धरण झालं आणि त्यात फ्लोरिडा जातीचे बास सोडले गेले. पाण्याखाली उभी झाडं, वर्षभर उबदार पाणी आणि खायला चिलापीची रेलचेल, त्यामुळे मासा झपाट्यानं वाढतो. अमेरिकेतले हौशी लोक कित्येक वर्षं तिथं जातात. व्हिसाचीही मोठी अडचण नाही, कारण पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही.

अडचण आहे ती राज्याची. सप्टेंबर २०२४ मध्ये सिनालोआतल्या अमली पदार्थांच्या टोळीत दोन गट पडले आणि त्यांच्यात उघड गोळीबार सुरू झाला. अमेरिकेचं परराष्ट्र खातं प्रवासाच्या इशाऱ्यांच्या चार पायऱ्या ठेवतं. सिनालोआला त्यांनी सगळ्यात वरची दिली आहे, म्हणजे 'जाऊ नका'. मासात्लान शहरापुरती थोडी सवलत आहे, पण तलाव शहरात नाही, तिथवर रस्त्यानं जावं लागतं. पॅकेजवाले म्हणतील, आमचे पाहुणे कायम सुखरूप परत येतात. येतही असतील. पण साठीच्या घरातल्या माणसानं, भाषा येत नसलेल्या मुलखात, जिथं बऱ्याच विमा पॉलिसी हात वर करतात अशा रस्त्यावर जावं, असं मी तरी सांगणार नाही. तिथली परिस्थिती निवळली तर पुढच्या वेळी बघा.

भाचा डॅलसला राहतो हे तुमचं खरं भाग्य, आणि त्याच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही. डॅलसहून पूर्वेकडे गाडीनं दीड तासावर लेक फोर्क आहे. बासची आवड असलेला जपानी किंवा आफ्रिकन माणूसही हे नाव ओळखतो. १९८० साली धरण झालं, पाण्याचा पसारा सुमारे ११ हजार हेक्टर, आणि धरणाचं पाणी चढलं तेव्हा झाडं तोडली नव्हती म्हणून आजही पाण्यात ओंडक्यांचं रान उभं आहे. टेक्सास राज्याचा विक्रमी बास याच तलावातला. जानेवारी १९९२ मध्ये लागला, वजन १८.१८ पौंड, म्हणजे सव्वाआठ किलो. शिवाय बास हा मूळचा तिकडचाच मासा आहे, त्याच्या घरी जाऊन त्याला भेटण्यात वेगळी मजा आहे.

दहा किलोचं मात्र मनात धरू नका. बासचा जागतिक विक्रमच दहा किलोच्या किंचित वर आहे. २ जून १९३२ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरीनं २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. तो विक्रम ७७ वर्षं कोणाला गाठता आला नाही. २ जुलै २००९ ला जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांना १०.१२ किलोचा मासा लागला. तो पेरीच्या माशाहून थोडा जड होता, तरी बरोबरीच धरली गेली, कारण नियमाप्रमाणे जुना विक्रम किमान दोन औंसांनी मोडावा लागतो. तेव्हा भाच्याचे दहा किलो म्हणजे जगाचा विक्रम झाला. लेक फोर्कला चांगल्या दिवशी एक-दोन किलोचे काही मासे मिळतील, तीन किलोचा मिळाला तर रात्री झोप लागणार नाही, आणि साडेचार किलोचा, म्हणजे दहा पौंडांचा, मिळाला तर अमेरिकन माणूसही आयुष्यभर फोटो दाखवत फिरतो. हा आकडा मनात ठेवून गेलात तर एकही दिवस फुकट गेल्यासारखा वाटणार नाही.

कधी जायचं? फेब्रुवारीचा शेवट ते मार्चअखेर. पाणी पंधरा अंशांच्या पुढे सरकायला लागलं की मोठ्या माद्या खोल पाण्यातून उथळ खाड्यांकडे येतात. पोटात अंडी, अंगावर वर्षभरातलं सगळ्यात जास्त वजन, आणि भूक जबरदस्त. अंडी घालून झाली की नर घरट्यावर पहारा देतो, मरळीची जोडी पावसाळ्यात पिल्लांच्या लाल थव्याखाली फिरते तसाच. पहाऱ्यावरच्या माशापुढे गळ टाकणं तिथं कायदेशीर आहे, पण तुम्ही जर इथं पिल्लांवरची मरळ सोडून देत असाल तर तिथंही तेच करा. टेक्सासमध्ये मार्चचा वारा लहरी असतो. उत्तरेकडून गार वाऱ्याची लाट आली की एका दिवसात मासा तोंड मिटतो, म्हणून गाइडचे दोन दिवस लागोपाठ घेऊ नका, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. आणि निफाडची थंडी पाहिलीय म्हणून गाफील राहू नका. पहाटे बास बोट पाण्यावरून भरधाव सुटते तेव्हा वारा हाडात शिरतो. कानटोपी, हातमोजे आणि वारा न शिरणारं जाकीट हवंच.

गाइड घ्याच, हे निक्षून सांगतो. एकट्या भाच्याच्या भरवशावर भाड्याच्या होडीतून त्या ओंडक्यांच्या रानात शिरू नका. दिवसाचे पाचशे डॉलरच्या पुढेच पडतात, वर टिप द्यायची पद्धत आहे, पण त्यात होडी, पेट्रोल, रॉड, रील, आमिषं सगळं येतं आणि दोघं जण बसू शकतात. इथून रॉड नेण्याची यातायात वाचते. मासेमारीचा परवाना मात्र तुमचा तुम्ही काढायचा. टेक्सासच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर परदेशी माणसालाही मिळतो. बुक करताना गाइडला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. मी गळ टाकण्यात मुरलेला आहे पण बासला नवा आहे, आणि मला जिवंत आमिष नको, कृत्रिम आमिषानं शिकायचंय.

शिकायचं काय, तर बेटकास्टर रील. आपल्याकडे बहुतेकांचा हात स्पिनिंग रीलवर बसलेला असतो, तिथं दोरा आपोआप सुटतो. बेटकास्टरचं स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली चकरी, फेकताना स्वतः गरगर फिरतं. आमिष हवेत मंदावलं आणि स्पूल त्याच वेगानं फिरत राहिलं की दोरा उलटा उसळतो आणि सुगरणीच्या घरट्यासारखा गुंता हातात येतो. पाचशे डॉलरच्या दिवसातला अर्धा तास नख घालून दोरा सोडवण्यात जाणं परवडत नाही. म्हणून इथंच एक साधं बेटकास्टर घ्या, टोकाला गळ न लावता फक्त शिशाचं वजन बांधा आणि पहाटे गोल्फ क्लब मैदानावर कोणी नसताना फेकत राहा. आधी रीलवरचा ताण असा ठेवा की बटण दाबल्यावर वजन हळूहळू खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. फेकताना अंगठा स्पूलला जेमतेम शिवलेला असू द्या, आणि वजन जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी तो घट्ट दाबा. पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल. मग एका सकाळी अंगठ्याला आपोआप कळायला लागतं.

बाकी तुम्हाला फार शिकावं लागणार नाही. मरळीसाठी रबरी बेडूक शेवाळावरून ओढत असाल, तर बासलाही तोच बेडूक चालतो. पाण्याचा भडका उडाला की लगेच हिसका द्यायचा नाही, दोऱ्यावर वजन जाणवलं की मगच द्यायचा, हा तुमचा मरळीचा धडा जसाच्या तसा उपयोगी पडेल. तिथलं खास आमिष म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ. पुढे गोळीसारखं शिसं, मागे गांडूळ, आणि गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच दडवलेलं, त्यामुळे ओंडक्यात अडकत नाही. याला टेक्सस रिग म्हणतात. तळाला टेकवायचा, रॉडचं टोक हातभर उचलायचं, पुन्हा टेकू द्यायचा. बास तो घेतो तेव्हा भडका नसतो, दोऱ्यातून टिचकी मारल्यासारखं एकदाच कळतं, आणि मग दोरा आडवा चालायला लागतो. त्या टिचकीसाठी मी स्वतः कितीही लांब जाईन.

मासा हातात आल्यावर एक सवय मोडावी लागेल. मरळीच्या तोंडात बोट घालायची आपली हिंमत होत नाही, कारण तिला दात आहेत. बासचे दात सँडपेपरसारखे खरखरीत असतात, त्याला खालच्या जबड्याला अंगठ्यानं धरूनच उचलतात. लहान मासा तसा उभा धरला तर चालतं. मोठ्या माशाला मात्र जबड्यावर आडवा तोलू नका, त्याचा जबडा निखळतो. दुसरा हात ओला करून पोटाखाली द्या, एक फोटो, आणि लगेच पाण्यात. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीनं दाबून टाकलात तर सोडवायला क्षणही लागत नाही.

आता वहिनींचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. पकडून सोडायचं कशाला? लेक फोर्कला हा नियमच आहे. १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो. दिवसाला पाच मासे ठेवता येतात, त्यातला २४ इंचांचा किंवा त्याहून मोठा एकच. म्हणजे लहान मासे खायला न्या, पण अंडी घालणाऱ्या भरदार माद्यांना हात लावू नका. दहा पौंडांचा बास व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. तो एकदा कढईत गेला की संपला, आणि सोडला तर तोच मासा पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या तरी गळाला लागतो. टेक्सासचं सरकार १९८६ पासून एक योजना चालवतं. १३ पौंडांहून मोठी मादी कोणाला मिळाली तर ती हंगामात सरकारी केंद्रात नेतात, तिची अंडी उबवून पिल्लं तलावांत सोडतात आणि मादी परत तिच्या तलावात. आपल्या लोणावळ्याला टाटा पॉवरनं वळवणच्या केंद्रात महासीरची पिल्लं अशीच वाढवली आहेत. वहिनींना हे सांगा. गळवाला खात नाही म्हणजे खेळ करतो, असा त्यांचा समज झाला असेल तर तो निघेल. तरीही माशाला दुखतं तर कशाला, असं त्या म्हणाल्या, तर वाद घालू नका. ते त्यांचं मत आहे आणि त्यात चूक काही नाही.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा: "मी काय करू?" तुम्ही जर दोन आठवडे जाऊन दहा दिवस होडीत बसणार असाल, तर मी वहिनींच्या बाजूचा. गळाला तीन दिवस, चौथा दिवस वारा नडला तर राखीव. बाकी सगळा वेळ दोघांचा. तलावाच्या आसपास त्यांच्यासाठीही भरपूर आहे. कॅन्टन गावात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या आधी, गुरुवार ते रविवार, प्रचंड मोठा बाजार भरतो. जुनी भांडी, गोधड्या, लाकडी सामान, काय वाटेल ते. टायलर गाव गुलाबाच्या बागेसाठी प्रसिद्ध आहे, आणि मार्चच्या शेवटी तिथल्या रस्त्यांवर अझेलियाची फुलं फुललेली असतात. अथेन्स नावाच्या गावात ते माद्यांचं केंद्र आहे, ते लोकांना बघता येतं, मोठाले मत्स्यालय आहे. मार्चच्या शेवटाला तारखा धरल्यात तर फुलं आणि मासे दोन्ही साधतील. आणि एक दिवस वहिनींना होडीत न्या. तिसरी सीट आहे का, गाइडला आधी विचारा. त्यांच्या हातात रॉड द्या आणि तुम्ही गप्प बसा.

आता पिल्लं. तुमच्या मित्राला वाईट वाटेल, पण मला इथं गुळमुळीत बोलता येणार नाही. परदेशातून जिवंत मासा आणायला सरकारची परवानगी आणि क्वारंटाइन लागतं, पिशवीतून आणणं सरळसरळ गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. ती पिल्लं गंगापूरला जगली तर काय होईल ते बघा.

जपानमध्ये हे घडून गेलंय. १९२५ साली अमेरिकेतून बास आणून आशिनोको तलावात सोडले. हेतू चांगला होता, खायलाही आणि गळालाही. तिथून हौशी लोकांनी ते इकडून तिकडे नेले आणि देशभर पसरले. बिवा तलाव लाखो वर्षं जुना, दुसरीकडे कुठेच न सापडणारे मासे त्यात. बासनं त्यांची पिल्लं फस्त केली. त्यात ब्लूगिल नावाच्या दुसऱ्या अमेरिकन माशाची भर पडली. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ते भेट दिले होते. त्यांनी ते संशोधनासाठी मत्स्य खात्याकडे सोपवले, आणि पुढे ते तलावांत पोचले. २००७ मध्ये सम्राट असलेल्या अकिहितो यांनी बिवाकाठी जाहीर भाषणात याचं दुःख बोलून दाखवलं. ते स्वतः माशांचे अभ्यासक आहेत. आज त्या तलावात पकडलेला बास परत सोडायला बंदी आहे, काठावर मासे टाकण्यासाठी पेट्या ठेवल्या आहेत. ज्या तलावानं जगाचा विक्रमी बास दिला, त्याच तलावाच्या काठी लोक बास मारून पेटीत टाकतायत.

आपल्याकडेही उदाहरणं कमी नाहीत. चिलापी बाहेरूनच आली, आता कुठल्या धरणात नाही ते सांगा. आफ्रिकन मांगूरवर २००० साली केंद्रानं बंदी घातली, तरी तो चोरून वाढवला जातोच. उजनीत मत्स्यालयातला सकरमाऊथ शिरला आणि भोई समाजाच्या जाळ्यांची चाळण करू लागला. गंगापूरमध्ये बास सुटला तर तो तिथं थांबणार नाही. पावसाळ्यात दरवाजे उघडले की गोदेतून थेट नांदूर मध्यमेश्वरला, आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेल्या त्या पाणथळात तुमचा बास तिथले देशी मासे खात बसेल. तिथून खाली जायकवाडी. वाटेतल्या मत्स्य संस्था पैसे भरून कटला-रोहूची बोटुकली सोडतात, ती बासच्या पोटात जातील. आणि ज्या मरळीसाठी तुम्ही रविवारी पहाटे उठता, तिची पिल्लंही. तुमच्या मित्राला बास हवाच असेल तर त्यालाही डॅलसचं तिकीट काढायला सांगा. दोघांत गाइड स्वस्त पडेल.

आता कामाचा क्रम. सगळ्यात आधी अमेरिकेचा व्हिसा. दोघांचा पर्यटक व्हिसा एकत्र भरा. मुंबईच्या मुलाखतीची तारीख लवकर मिळतेच असं नाही, म्हणून विमान आणि गाइड त्याआधी पक्के करू नका. मुलाखतीत विचारलं, कशाला जाताय, तर भाच्याकडे आणि मासे पकडायला, असं सरळ सांगा. व्हिसा हातात आला की गाइड, कारण मार्चचे दिवस लवकर भरतात. मग विमान. मुंबईहून डॅलसला थेट विमान नाही, दुबई किंवा दोहामार्गे एका थांब्यात जाता येतं. विमा काढताना आधीपासूनचे आजार लपवू नका, अमेरिकेतलं दवाखान्याचं बिल तुमचे सहा लाख एका रात्रीत गिळू शकतं. तुमच्या बजेटमध्ये दोघांची तिकिटं, व्हिसा, विमा आणि गाइडचे तीन दिवस बसतात, कारण राहणं-जेवणं भाच्याकडे आहे. तलावाकाठी दोन-तीन रात्रींची खोली वेगळी धरा, पहाटे चारला डॅलसहून निघणं साठीत झेपत नाही.

आणि आज रात्रीच भाच्याला फोन करा. मेक्सिकोच्या पॅकेजला त्यानं आगाऊ रक्कम भरली नसेल तर भरू नकोस म्हणावं, भरली असेल तर परताव्याची मुदत कधीपर्यंत आहे ते आधी बघायला सांगा.